सामान्य वापरकर्ती

किड्यांची चित्रं काढणं हा तिचा धंदा होता. भुंगेरे, माश्या, नाकतोडे, मुंग्या; पुस्तकात जे छापायचं असेल ते. समोर टाचणीला लावलेला किडा, डोळ्याला भिंग, हातात टाक आणि काळी शाई. एकेका भुंगेऱ्याला आठवडाभर लागायचा. पायावरच्या केसांचीसुद्धा जागा चुकून चालत नाही, कारण अभ्यास करणारी माणसं त्या केसांवरूनच एक जात दुसरीपासून वेगळी ओळखतात. लहानपणी झुरळ दिसलं की किंचाळत पलंगावर चढणारी ती हीच, असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

दादा तिचा थोरला भाऊ. घरात ती दोघंच होती. तिचं लग्न झालं होतं आणि लवकरच मोडलं होतं. त्याचं कधी जमलंच नाही. "माझं कुणाशी पटणार? तुझ्याशी पटत नाही," असं म्हणायचा आणि पटवून घ्यायचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने कॉम्प्युटर आणला, त्याला स्कॅनर जोडला आणि बहिणीच्या कामाचं ऑफिस स्वतःच्या अंगावर घेतलं. ती चित्र वाळवून त्याच्या टेबलावर ठेवायची. तो ते स्कॅन करायचा, साफसूफ करायचा, प्रकाशनाला पाठवायचा. तिने खांद्यावरून डोकावलं की म्हणायचा, "ते मी बघतो. तू तुझ्या झुरळांकडे बघ." तिलाही ते बरंच होतं. त्या कॉम्प्युटरवर तिच्या नावाचं एक वेगळं खातं होतं, तेही त्यानेच उघडून दिलेलं. मेल वाचायला आणि पत्त्यांचा डाव लावायला ते पुरेसं होतं.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. ती गेली तेव्हा दादा ओट्याला टेकून खाली बसला होता आणि उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत होता.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं नाही. एक शब्द तेवढा राहिला. "चालेल." दुखतंय का विचारलं तरी चालेल, पाणी हवंय का विचारलं तरी चालेल. डॉक्टरांनी सांगितलं की त्याला समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत, आणि सापडतील की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही. त्याला उचलणं-बसवणं तिला एकटीला झेपणारं नव्हतं, म्हणून त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. एक दिवसाआड ती बस बदलून तिथे जायची. बाकी वेळ घरी.

घर आता फार शांत झालं होतं. दादा काही फार बोलका नव्हता, पण तो खोकायचा, खुर्ची ओढायची त्याची एक पद्धत होती, बातम्यांना उलट उत्तरं द्यायचा. ती चित्र काढताना मधेच थबकायची आणि मग लक्षात यायचं, की आपण कशाचा तरी आवाज यायची वाट बघतोय.

अशातच प्रकाशनाच्या संपादक बाईंचा फोन आला. भुंगेऱ्यांवरचं एक मोठं पुस्तक चाललं होतं आणि शेवटच्या प्रकरणाची चित्रं राहिली होती.

"दादांचं कळलं. फार वाईट वाटलं," बाई म्हणाल्या. "घाई करायची नाही म्हणून इतके दिवस बोलले नाही. पण आता छपाईवाले माझ्या डोक्यावर बसलेत. चित्रं झालीत का?"

"चित्रं कधीच झालीत."

"मग पाठवा की!"

"पाठवते," ती म्हणाली. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

आधी तिने चित्रं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेली. दुकानदाराने तिचा आठवडाभराचा भुंगेरा रद्दीच्या कागदासारखा काचेवर आपटला आणि वरून कोपर दाबलं. निघालेल्या प्रतीत पायांवरचे केस गायब आणि पंखांचा नुसता काळा डाग. चित्रं परत कापडात गुंडाळून ती घरी आली, दादाच्या खुर्चीत बसली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

पडद्यावर दोन नावं आली. वरचं दादाचं, खालचं तिचं. तिने आपल्या नावावर दाबलं. स्कॅनरचं बटण दाबलं, तो घरघरला, हिरवा दिवा लागला. स्कॅन करायचा प्रोग्रॅमही सापडला. पण उघडल्यावर त्याने काही वेळ शोधाशोध केल्यासारखं दाखवलं आणि एक ओळ लिहिली: कोणतेही उपकरण सापडले नाही.

"अरे, हा काय समोर बसलाय!" ती मोठ्याने म्हणाली. वायर काढून परत लावली. सगळं बंद करून परत चालू केलं. दुसऱ्या भोकात वायर घातली. हिरवा दिवा तिच्याकडे बघत राहिला आणि पडद्यावर तीच ओळ येत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या दुकानातून कॉम्प्युटरवाला आला. गोल पोटाचा, पन्नाशीचा माणूस. बोलायची त्याला भारी हौस, आणि कित्येक दिवसांत घरात कुणी बोललं नव्हतं म्हणून तिलाही ते बरं वाटलं. त्याने आधी स्कॅनर स्वतःच्या लॅपटॉपला लावला. तिथे तो बिनबोभाट चालला.

"स्कॅनर ठणठणीत आहे, ताई. उगाच त्याच्यावर आळ घेऊ नका."

मग तो तिच्या खात्यात शिरला, एक काळी खिडकी उघडून त्यात काहीबाही लिहिलं आणि मान हलवली.

"हं. इथे घोडं अडलंय. हे बघा, मशीनला माहीत आहे की वायरीच्या टोकाला स्कॅनर आहे. पण तो कुणी वापरायचा हे ठरलेलं असतं. एक गट असतो. त्या गटात ज्याचं नाव, त्याला स्कॅनर दिसतो. तुमचं नाव त्यात नाही."

"मग तसं सांगायचं ना त्याने, की परवानगी नाही. सापडलंच नाही कसं म्हणतो?"

"तो प्रोग्रॅम तुमच्या नावाने शोधायला जातो. तुमच्या नावाला ते दार दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने तिथे भिंत आहे." तो हसला. "गटात कोण आहे सांगू? एकच नाव. दादांचं. ते इथले प्रशासक. तुम्ही सामान्य वापरकर्त्या."

त्याने सहज म्हटलं होतं, पण तिला ते लागलं.

"माझंच काम. माझीच चित्रं," ती म्हणाली.

"त्यांनी मुद्दाम केलं असेल असं नाही हं. मशीन मुळातच असं येतं. कुणाला आत घ्यायचं असेल तर हाताने घ्यावं लागतं. ते राहून जातं." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "सोपं आहे. दादांचा पासवर्ड सांगा, आत्ता तुमचं नाव टाकतो."

"मला माहीत नाही."

"कुठे लिहून ठेवलाय का?"

"तो असलं काही लिहून ठेवत नाही."

"हरकत नाही. मग बाहेरून उघडू. मशीन वेगळ्या पद्धतीने सुरू करायचं, जुना पासवर्ड पुसायचा, नवा टाकायचा. चहा होईपर्यंत काम फत्ते."

त्याने बटणाकडे हात नेला आणि ती म्हणाली, "थांबा."

"काय झालं?"

काय झालं ते तिलाही नीट सांगता येईना. एवढ्या वर्षांत दादाच्या कपाटाला तिने त्याला न विचारता हात लावला नव्हता, ना त्याने तिच्या. एका घरात दोन माणसं टिकायची तर असं काहीतरी लागतं. आणि जुना पासवर्ड पुसायचा म्हणजे तो आता कधी या खुर्चीत येऊन बसणार नाही, हे आपणच ठरवल्यासारखं होतं. माणूस जिवंत आहे, दर दोन दिवसांनी भेटतो.

"आधी त्याला विचारते," ती म्हणाली.

कॉम्प्युटरवाल्याला दादाची अवस्था तिने सांगितलेली होती. तो स्वतःचा नंबर तेवढा टेबलावर ठेवून गेला.

शुश्रूषागृहात दादा खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. तिने सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाली, "दादा, पासवर्ड काय आहे?"

दादाने तोंड उघडलं. कपाळावर आठ्या पडल्या. ओठ हलले. शेवटी तो म्हणाला, "चालेल."

तिने पिशवीतून पेन काढून त्याच्या डाव्या हातात दिलं. त्याने कागदावर एक गोल काढला, त्यात दुसरा गोल काढला आणि पेन खाली टाकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती घाईघाईने म्हणाली, "राहू दे, राहू दे. एवढं काही अडलं नाही."

तेवढ्यात सिस्टर गोळ्या घेऊन आली. तिने दादाचा शर्ट नीट केला आणि म्हणाली, "आज यांनी बटणं स्वतः लावली, एका हाताने. सांगितलं असतं तर जमलं नसतं. मी पलीकडे बोलत होते, बघते तर लावून मोकळे. हात विसरत नाही हो."

हे वाक्य तिच्या डोक्यात बसमध्येही घोळत राहिलं. दादा सकाळी कॉम्प्युटर कसा सुरू करायचा, ते तिने डोळ्यांसमोर आणलं. उजव्या हातात चहाचा कप. तो कधी खाली ठेवायचा नाही, टेबलावर डाग पडतात म्हणून. उभ्याउभ्याच घोट घ्यायचा आणि डाव्या हाताने पासवर्ड टाकायचा. डाव्या हाताने! ती बसमध्ये ताडकन सरळ बसली. शेजारच्या बाईने तिच्याकडे चमकून पाहिलं.

पुढच्या खेपेला तिने कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढून, टॉवेलमध्ये गुंडाळून नेला. जेवणाचं सरकतं टेबल दादासमोर ओढलं आणि त्यावर तो ठेवला. दादाने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हसला. अर्ध्याच तोंडाने, पण चांगला खळखळून हसला. ती वेडी झालीय असं त्याला वाटलं असावं.

"टाक ना पासवर्ड," ती म्हणाली.

दादाचं बोट अक्षरांवर फिरलं आणि अडखळलं. तो विचार करायला लागला आणि विचार केला की सगळं निसटायचं. तिने खालून चहा आणला, कप त्याच्या उजव्या हातापाशी ठेवला, त्याची निर्जीव बोटं त्या गरम कपाभोवती लावली आणि वरून आपला हात धरला. मग ती मुद्दाम दुसरंच बोलू लागली. खालच्या मजल्यावरच्यांनी परत जिन्यात सायकल लावलीय, तू असतास तर भांडला असतास, मला भांडता येत नाही, मी नुसती त्यांच्या दारावर टकटक करते आणि ते उघडेपर्यंत वर पळून येते—

डावा हात हलला. टकटक टकटक, सराईतासारखा चालला आणि शेवटी मोठं बटण ठोकून थांबला.

ती इतकी थक्क झाली, की अक्षरं बघायची राहूनच गेली.

"दादा, परत! परत एकदा!"

परत म्हटल्यावर काही जमेना. तिने मग पुन्हा सायकलीचं पुराण लावलं, त्यात पाणी सोडणाऱ्याची भर घातली, आणि बोलता बोलता डोळे मात्र त्याच्या बोटांवर ठेवले. या वेळी सापडलं. इंग्रजी अक्षरांत 'नदीकाठ', आणि पुढे एक सात.

"नदीकाठ?" ती म्हणाली. "कुठला नदीकाठ, दादा?"

ती दोघं वाढली त्या गावात नदी नव्हती. जिथे नोकरी केली तिथेही नव्हती. दादा कधी कुठल्या नदीबद्दल बोलल्याचं तिला आठवेना. त्याने डोळे मिटले, चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, आणि तो हळूच म्हणाला, "चालेल."

घरी येऊन तिने कीबोर्ड जोडला, दादाच्या नावावर दाबलं आणि ती अक्षरं टाकली. दार उघडलं. त्याच्या पडद्यावर मागे साधा निळा रंग होता, कडेला फायली ओळीत लावलेल्या. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"शाब्बास!" तो म्हणाला. "आता त्यांच्याच खात्यातून स्कॅन करा की. झालं काम."

"नको. माझ्या खात्यातून करायचंय."

"बरं. सेटिंग्जमध्ये जा. वापरकर्ते आणि गट. सापडलं? त्यात स्कॅनर नावाचा गट आहे. उघडा. दादांच्या नावापुढे खूण आहे, तुमच्या नावापुढे रिकामा चौकोन. त्यात खूण करा. पासवर्ड परत विचारेल, द्या."

तिने खूण केली. एवढंसं काम. मग ती आपल्या खात्यावर आली, प्रोग्रॅम उघडला, आणि पडद्यावर ओळ आली: कोणतेही उपकरण सापडले नाही.

तिने परत फोन लावला. आवाज रडवेला झाला होता. "मला नाही दिसत हो अजून."

"तुमचं खातं आधीपासून उघडं होतं का?"

"हो. सकाळी मेल बघितली होती."

"मग ते पूर्ण बंद करा. लॉग आउट. आणि पुन्हा आत या. कोण कुठल्या गटात आहे ते मशीन आत येतानाच तपासतं. आधीपासून आत बसलेल्याला परत विचारत नाही."

ती बाहेर पडली. परत आत आली. प्रोग्रॅमने शोधाशोध केली, आणि स्कॅनरचं नाव पडद्यावर आलं. आजूबाजूला सांगायला कुणी नव्हतं म्हणून तिने फोनवरच सांगितलं, "आला! दिसला!"

"अभिनंदन," कॉम्प्युटरवाला म्हणाला, आणि मागे कुणीतरी गिऱ्हाईक बोलत होतं म्हणून त्याने फोन ठेवला.

तिने पहिला भुंगेरा काचेवर पालथा ठेवला, झाकण अलगद लावलं. प्रकाशाची पट्टी सरकत गेली. चित्र पडद्यावर आलं. ते तिने मोठं केलं, अजून मोठं केलं, आणि तिचा चेहरा उतरला.

रेषा थरथरत होत्या. पंखाची कडा, जी एका दमात ओढलेली असते, ती करवतीसारखी दिसत होती. पायाचा बाक जागोजागी डुगडुगला होता. कागदावर तिला असं काही दिसलं नव्हतं. स्कॅनरच हलत असणार, असं वाटून तिने चित्र फिरवून ठेवलं, पुन्हा स्कॅन केलं. तोच थरकाप, त्याच जागी. मग छापलेल्या मजकुराचं एक पान ठेवलं. अक्षरांच्या कडा कोरून काढल्यासारख्या स्वच्छ आल्या.

तिने मूळ चित्र भिंगाखाली धरलं. आता कुठे बघायचं ते माहीत होतं, म्हणून दिसलं. मग शेल्फवरून पुस्तकं काढली. गेल्या वर्षीचं माश्यांचं, त्याआधीचं मुंग्यांचं, त्याच्याही आधीची. एकेक पान भिंगाखाली घेतलं. सगळ्या रेषा गुळगुळीत. कुठेही कंप नाही.

"साफसूफ करतो," असं दादा म्हणायचा. ती समजायची, धूळ आणि शाईचे ठिपके.

ती हात समोर धरून बसली. बोटं स्थिर दिसत होती. टाक घेतला आणि कोऱ्या कागदावर एक लांब रेघ ओढली, तर शेवटाला टोक किंचित नाचलं. हे कधीपासून होतंय? माश्यांच्या पुस्तकापासून? मुंग्यांच्या? छापलेल्या पानांवरून कळायला मार्ग नव्हता, कारण ज्याने रेषा सरळ केल्या त्याने त्या फार चांगल्या सरळ केल्या होत्या. म्हणून खांद्यावरून डोकावू देत नव्हता. म्हणूनच तिच्या नावापुढचा चौकोन रिकामा होता का? की तो नुसताच राहून गेला होता?

ती दादाकडे गेली तेव्हा रस्ताभर काय बोलायचं ते ठरवत होती, आणि गेल्या गेल्या भलतंच बोलली.

"माझा हात थरथरतोय हे तुला माहीत होतं."

दादा बघत राहिला.

"किती वर्षं पुसत बसला होतास माझ्या रेषा? मला सांगायचं होतंस. मी काय मोडून पडले असते? लोक म्हणायचे, काय हात आहे तुमचा, आणि मी मान डोलवायचे. मूर्खासारखी! तू शेजारच्या खोलीत बसून हसत होतास का?"

या वेळी तो चालेल म्हणाला नाही. त्याने डावा हात उचलून डोळ्यांवर धरला आणि तसाच बसून राहिला. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. तिला एकदम स्वतःचीच लाज वाटली. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी भांडण उकरून काढलं होतं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि त्याचा डोळ्यांवरचा हात खाली घेतला. तो गरम होता. निघताना ती म्हणाली, "हसत नव्हतास. माहीत आहे मला." पण ते तिला खरंच माहीत होतं का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

घरी तिने रेषा साफ करायचा प्रयत्न केला. माउस धरून एकेक दातेरी जागा पुसायची, पुन्हा भरायची. दुपारभर बसून एक पाय झाला आणि तोही लाकडी दिसायला लागला. तिने हात टेकले. संपादक बाईंना फोन केला आणि खरं ते सांगून टाकलं. हात पूर्वीसारखा राहिला नाही. भाऊ सुधारून पाठवत होता. आता मी जे पाठवीन ते तसंच असेल.

बाई म्हणाल्या, "तुम्ही चित्रं छापायच्या आकाराची काढता का?"

"हो. नेहमीच."

"आमच्याकडचे एक जुने चित्रकार दुप्पट मोठी काढायचे. छापताना निम्मी केली की सगळ्या बारीकसारीक खोडी निम्म्या होतात. करून बघा. छपाईवाल्यांना मी थोपवते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण या पुस्तकानंतरचं काही मी आत्ता कबूल करत नाही हं. तुम्ही खरं बोललात, म्हणून मीही खरं बोलते."

"बरोबर आहे," ती म्हणाली.

तिने मोठे कागद आणले. टाचणीवरचे तेच भुंगेरे परत समोर मांडले. मोठ्या आकारात हात मनगटाऐवजी खांद्यातून फिरतो, त्यामुळे थरथर कमी जाणवायची. खांदा मात्र संध्याकाळपर्यंत भरून यायचा. थकली की ती खिडकीशी उभी राहायची. खालून माणसं कामावरून परतताना दिसायची, दोघं-तिघं, बोलत बोलत.

पहिलं चित्र झालं. स्कॅनरच्या काचेवर ते मावेना, म्हणून दोन भागांत घेऊन जोडलं. ते कसं करायचं हे कॉम्प्युटरवाल्याने फोनवर सांगितलं. निम्मं करून पाहिलं. आधीच्या पुस्तकांसारखी तुळतुळीत रेषा नव्हती, पण करवतही नव्हती. तिने ते आपल्या खात्यातून, आपल्या नावाने पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: मिळालं. चालण्यासारखं आहे. बाकीची येऊ द्या. तिने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कुणाला तरी हाक मारून दाखवावी असं वाटलं, आणि हाक मारायला तोंड उघडलंही.

चित्राची एक प्रत छापून तिने दादाकडे नेली. दादाने कागद टेबलावर ठेवला, डाव्या हाताने सरळ केला आणि डोळे बारीक करून बघू लागला. कडेकडेने त्याचं बोट फिरत गेलं. पंख, डोकं, मिशा. मागच्या पायाच्या सांध्यापाशी बोट थांबलं. त्याने नखाने तिथे दोनदा ठोकलं.

ती वाकली. बघितलं तर खरंच, तिथे रेषा हलली होती. तिच्या नजरेतून सुटली होती.

"तिथे?"

दादाने परत ठोकलं आणि तिच्याकडे रागाने पाहिलं. तसा राग त्याला चांगलं काम थोडक्यासाठी बिघडलं की यायचा.

"बरं बाबा, करते नीट," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसतं तुला दिसतं तसं?"

घरी आल्यावर तिने चप्पलही न काढता कॉम्प्युटर लावला, चित्र उघडलं, तो सांधा पडदाभर मोठा केला. माउस घट्ट धरला. एक ठिपका पुसला, एक भरला, मागे सरून बघितलं, परत पुसला. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी पाहुणे आले होते. खुर्च्या सरकवल्याचे, हसण्याचे आवाज वर येत होते. ती काम करत राहिली. रेषा जमली तेव्हा खोलीत पडद्याचा तेवढा उजेड उरला होता. तिने चित्र ठेवून दिलं, दिवा लावायला उठली, आणि उद्या कुठला भुंगेरा घ्यायचा ते बघण्यासाठी टाचण्यांची पेटी उघडली.